बोकडाचा ना हरकत दाखला

डॉक्टरांनी महेंद्र तांबेंना "जरा रिलॅक्स व्हा" असं सांगितलं, आणि तिथून सगळं बिघडायला सुरुवात झाली. डॉक्टरांचा तसा दोष नाही. निम्म्या डोंबिवलीला ते हेच सांगत असणार. बाकीचे लोक मान हलवतात, गोळ्या घेतात आणि घरी जाऊन पुन्हा भांडतात. तांबेंनी ते मनावर घेतलं. पोस्टात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. वरून आलेला हुकूम कितीही बिनडोक असो, तो तामील करायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

ब्लडप्रेशर वाढलं होतं सोसायटीच्या वार्षिक सभेत. सुप्रभात सोसायटी, डोंबिवली पश्चिम, चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. तांबे एकोणीस वर्षं तिचे सेक्रेटरी. हे पद त्यांना कुणी आग्रहाने दिलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेत नव्हतं, कारण घेतलं असतं तर स्वतःला करावं लागलं असतं. त्या सभेत गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर सव्वा तास चर्चा झाली. शेवटी कुणीतरी "तुम्ही एकोणीस वर्षं केलंत तरी काय?" असं विचारलं, आणि तांबेंच्या कानशिलात ठणके सुरू झाले.

मग सल्ले आले. आपल्याकडे माणूस आजारी पडला की औषधाआधी सल्ले पोचतात. एकाने बीटाचा रस सांगितला. एकीने सकाळी बागेत जाऊन मोठमोठ्याने हसायला सांगितलं. तांबे तिथे दोन दिवस गेले, पण कारण नसताना हसणं त्यांना कामात कुचराई केल्यासारखं वाटे. फिशटँक ठेवा, असंही एकाने सुचवलं. तो ठेवला, मासे चार दिवसांत गेले आणि प्रेशर आणखी वाढलं.

चौथ्या मजल्यावरचा नाथा घाडी मात्र काहीच सुचवत नसे. तो रोज संध्याकाळी पाचला बाहेरून येई, दुसऱ्या मजल्यावर तांबेंच्या दारात थांबे आणि आत येऊन बसे. गुडघे गेलेले होते. चौथ्यापर्यंत एका दमात चढवत नसे, म्हणून मध्ये हा थांबा. गुडघे शाबूत होते तेव्हाही तो थांबतच असे म्हणा. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत त्याची हयात गेली होती. बायको, शेवंतीवहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा सुदेश दिव्याला नव्या इमारतीत राहायला गेलेला. तांबे आणि नाथा दोघे सुप्रभातमध्ये एकाच महिन्यात राहायला आले, त्याला एकतीस वर्षं झाली होती. दोघं चहा पीत. बोलत फार असं नाही. नाथा बशीत चहा ओतून घेई, आणि तांबे त्याला दर वेळी म्हणत, "कपाला कान असतो रे, कशाला दिलाय तो?"

अशा या घरात अमृता, तांबेंची मुलगी, ठाण्याहून एक खेळणं घेऊन आली. हातात मावेल एवढी पाटी, दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये पडदा.

"बाबा, मी लॉकडाऊनमध्ये खेळायचे ना, ते. आता मला वेळच होत नाही. ह्यात एक गाव असतं. तुम्ही तिथे राहायचं. फुलं लावायची, मासे पकडायचे, शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या."

"आणि?"

"आणि काही नाही. ह्यात काही करायचंच नसतं."

छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे वाक्य सरळ सरळ अपमानास्पद वाटलं. पण डॉक्टरांचा हुकूम होता. गेमचं नाव होतं 'लेझी बे'. तांबेंनी त्याचं 'आळशी खाडी' असं भाषांतर केलं आणि चष्मा पुसून कामाला लागले.

गावात पाच रहिवासी होते. एक कोंबडी, एक अस्वल, दोन सशिणी आणि ऑलिव्हर नावाचा एक बोकड. बोकडाला दाढी होती, चष्मा होता, सूप आवडायचं, आणि भेटला की तो अंगणातल्या खुर्चीवरून उठून सांगायचा, "आज वारा छान आहे." बस, एवढंच. त्याला काही हवं नसायचं. टाकीचं झाकण, पार्किंग, वरच्यांच्या बाथरूमचं लीकेज, कशाबद्दलही त्याची तक्रार नव्हती. असा सभासद तांबेंना एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता. त्यांचा बोकडावर जीव जडला.

पहिल्या आठवड्यात प्रेशर खरंच उतरलं. दुसऱ्या आठवड्यात तांबेंनी रजिस्टर आणलं.

लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं. त्यात रहिवाशांची नावं, घर क्रमांक, शेवटची भेट, दिलेली वस्तू, शेरा. सकाळी साडेसहाला गवत उपटणं. सातला फुलांना पाणी. साडेसातला झाडं हलवून फळं गोळा करणं. दुपारी मासेमारी. गावाच्या मध्यभागी एक फळा होता, त्यावर तांबेंनी रोमन लिपीत नोटीस लावली, कारण त्या पाटीला मराठी येत नव्हतं: 'फुलं तोडू नयेत. आदेशावरून, सचिव.' कोंबडीने ती वाचली आणि टाळ्या वाजवून गोल फिरली. सुप्रभातच्या बोर्डावरची नोटीस वाचून असं कुणी कधी फिरलं नव्हतं.

मध्येच लांज्याला भाचीचं लग्न निघालं. चार दिवस पाटी घरीच राहिली. परत आल्यावर तांबेंनी ती उघडली तर गावभर गवत, आणि दारात डोळे पाण्याने भरलेली कोंबडी. म्हणाली, "इतके दिवस आला नाहीत. मला वाटलं, विसरलात." तांबेंना अन्न गोड लागेना. त्यानंतर त्यांनी एक दिवस खाडा केला नाही.

"अहो, ते डॉक्टरांनी आराम करायला सांगितलंय ना?" मृणालताई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवतात, निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत.

"मग काय करतोय? सकाळी दोन तास आराम, दुपारी तीन तास आराम. तूच मध्ये मध्ये बोलतेस."

नाथाचा थांबा चालूच होता. पण आता तो येई तेव्हा तांबे पाटीत मान घालून बसलेले असत. नाथा आपल्या हाताने गॅसवरचं पातेलं उतरवी, दोन कप भरी, स्वतःचा बशीत ओती. कपाच्या कानाबद्दल त्याला आता कुणी बोलत नसे. एकदा त्याने मान वाकडी करून पडद्यावर पाहिलं.

"हा बोकड कोणाचा रे?"

"आपल्या इथलाच आहे. रोज विचारपूस करावी लागते, नाहीतर खट्टू होतो."

"बरंय बाबा त्याचं. त्याला रोज विचारपूस, आणि आम्हाला महिन्याचं मेंटेनन्सचं पत्र." नाथा हसला. तांबेही हसले, पण नजर माशाच्या गळावर होती, कारण मासा त्याच क्षणी लागला.

आणि मग तो मंगळवार आला. नाथा समोर बसला होता, बशी दोन्ही हातांत धरून.

"सुदेश मागे लागलाय. दिव्याला या म्हणतो. लिफ्ट आहे तिथे. नातू पण आहे. इथली जागा कशाला ठेवायची म्हणतो. मला काय सुचत नाही महेंद्र. तुला काय वाटतं, जाऊ का?"

नेमक्या त्याच वेळी पडद्यावर ऑलिव्हर खुर्चीवरून उठून आला. आज तो वाऱ्याबद्दल बोलला नाही. म्हणाला, की हल्ली त्याच्या मनात दुसऱ्या गावी जायचं घोळतंय, तुमचं काय मत आहे? तांबेंना वाटलं नेहमीचंच काहीतरी असणार. त्यात नाथाचं काहीतरी चालू होतं. दोन्हीकडून एकदम बोलणं आलं की सरकारी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. तोंडाने "हं, हं, बघ ना" म्हणाले आणि अंगठ्याने बटण दाबलं, भराभर, चार वेळा.

पडद्यावर अक्षरं आली: 'तुमच्या आशीर्वादाबद्दल आभार. मी उद्या निघतो.' बोकडाच्या घरात खोकी दिसायला लागली.

"अरे!" तांबे ओरडले. "अरे, चालला हा! नाथा, तुझ्या बडबडीत बोकड गेला माझा!"

नाथाने बशी खाली ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि वर गेला. तांबेंनी तेही पाहिलं नाही. ते रजिस्टरमध्ये बोकडाच्या नावासमोर काय शेरा मारावा या विवंचनेत होते.

यापुढची हकिगत सांगायची म्हणजे तांबेंचीच कीव येते. बोकड परत आणणं हे त्यांनी ध्येय ठरवलं. गेम बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी आधी पत्र लिहिलं, विषय, संदर्भ, महोदय, सगळं घालून, आणि रजिस्टर्ड पोस्टाने धाडलं. पोच आली नाही. मग अमृताने ईमेल करून दिला. त्याचं उत्तर तीन मिनिटांत आलं, आणि तीन मिनिटांत येणारं उत्तर माणसाचं नसतं हे तांबेंना पोस्टातल्या अनुभवाने कळत होतं. उत्तरात म्हटलं होतं की 'लेझी बे'मधला कुठलाही रहिवासी, खेळणारा नियमित येत असेल तर, त्याच्या संमतीशिवाय गाव सोडत नाही.

"संमती?" तांबे लाल झाले. "मी संमती दिलेलीच नाही! मी फक्त बटण दाबलं!"

तळमजल्यावरची कृतिका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि या विषयातली तज्ज्ञ समजली जायची. तिने च्युइंगम चघळत केस ऐकून घेतली.

"काका, टेन्शन कायको लेते हो? सिंपल आहे. मशीनची तारीख मागे करा. आठ दिवस. बोकड जायच्या आधीचा दिवस लावायचा."

"अगं, पण हे नियमात बसतं का?"

"सगळे करतात, काका. मी तर करून करून कंटाळून सोडून दिलेला तो गेम. मस्त पण होता आणि बोअर पण होता. म्हणजे रोज तेच तेच. पण सोडल्यावर रडलेले मी, खरंच."

तांबेंनी पोस्टात आयुष्यभर तारखेचा शिक्का मारला होता. आदल्या दिवसाची तारीख मारणं म्हणजे काय याची त्यांना पूर्ण कल्पना होती. हात थरथरले. आणि थरथरत्या हाताने दिवसाच्या रकान्याऐवजी वर्षाचा रकाना हलला, तोही मागे नाही, पुढे. दोन वर्षं.

गाव उघडलं. गवत कमरेएवढं. घरात झुरळं. कोंबडी दारात होती, पण म्हणाली, "दोन वर्षं! मी रोज वाट पाहिली, मग सोडून दिली." अस्वल निघून गेलं होतं. एक सशीण निघून गेली होती. ज्या माणसाने खाडा नको म्हणून साडूच्या साठीशांतीला जाणं टाळलं, त्याच्यावर दोन वर्षांच्या गैरहजेरीचा ठपका आला. तारीख पुन्हा जागेवर आणली, पण गेलेले गेलेच. तांबेंनी उरलेल्या दोघींना स्वतंत्र खुलासापत्रं लिहिली. त्या रात्री प्रेशरची गोळी दीड घ्यावी लागली.

याच दिवसांत केव्हातरी नाथा पाचच्या ऐवजी भर दुपारी आला. हातात कागद होते. तांबे गवत उपटत होते.

"सह्या हव्यात रे सेक्रेटरीच्या."

"ठेव इथे." तांबेंनी शिक्का ओढला.

"वाचून कर."

"तुझं काय वाचायचं रे?" तांबे म्हणाले, आणि तीन ठिकाणी सह्या ठोकून सोसायटीची प्रत न बघता फाइलमध्ये टाकली. खरं सांगायचं तर हे ते प्रेमानेच म्हणाले. बाकी चौदा बिऱ्हाडांचा कागद ते उन्हात धरून वाचत. ज्याचा कागद न वाचता सही करावी असा अख्ख्या सोसायटीत एकच माणूस होता. नाथाने कागद उचलले. "करू ना मग पुढचं?" त्याने विचारलं. "कर, कर," तांबे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तळमजल्यावर मीटरबॉक्सपाशी खोकी दिसू लागली. एक झालं, दोन झाली, एका गुंडाळलेल्या गादीची भर पडली. तांबेंचं माथं ठणकलं. गावातल्या गवताने आधीच जीव नकोसा झालेला, त्यात हे. त्यांनी चौकशी केली नाही, नोटीस लावली: 'सामायिक जिन्यात वैयक्तिक सामान ठेवू नये. चोवीस तासांत न उचलल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल. आदेशावरून, सचिव.' दुसऱ्या दिवशी खोकी गायब. चौथ्या मजल्यापर्यंत ती कुणी आणि कशी परत चढवली, हा प्रश्न तांबेंना पडला नाही. नोटिशीचा असा तडकाफडकी अंमल पहिल्यांदाच झाला, याचंच त्यांना समाधान वाटलं.

इकडे अमृताने फोनवर एक बातमी दिली. ठाण्यात हा गेम खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यातल्या हेमांगी नावाच्या एका बाईच्या गावातून एक ऑलिव्हर निघायच्या बेतात होता. दोन पाट्या शेजारी शेजारी धरल्या की एका गावचा रहिवासी दुसऱ्या गावात घेता येतो. शनिवारी, तलावपाळी, सकाळी अकरा.

"अहो, शनिवारी नाथाभाऊंना जेवायला बोलवूया का?" मृणालताईंनी विचारलं. "गेल्या आठवड्यातही म्हटलं मी."

"शनिवारी मला बोकड आणायचाय. रविवारी बघू."

मृणालताई काहीतरी बोलणार होत्या. पण वह्या तपासायच्या होत्या, आणि माणसाला किती वेळा सांगायचं यालाही काही सुमार असतो.

शनिवारी तांबे इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्याला गेले. बगलेत फाइल. हेमांगी तलावाच्या कठड्यावर बसली होती, चाळिशीची, एका विमा कंपनीत नोकरी करणारी, डोळ्यांखाली काळं. तांबेंनी नमस्कार करून फाइलमधून एक टाइप केलेला कागद काढला.

"हे काय?"

"ना हरकत दाखला. 'श्री. ऑलिव्हर, बोकड, हे आमच्या गावचे रहिवासी असून त्यांच्या स्थलांतरास आमची हरकत नाही.' खाली आपली सही. उद्या भानगड नको."

हेमांगी हसली नाही. तिने चष्मा चढवला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला.

"सॉरी हं. मी न वाचता कशावर सही करत नाही. आमच्या धंद्यात सवय लागते."

"बरोबर आहे," तांबे म्हणाले. त्यांना ही बाई फार आवडली.

सही झाली. पाट्या शेजारी ठेवल्या. बोकड निघायला वेळ लागत होता, तेवढ्यात हेमांगी आपणहून बोलायला लागली.

"खरं सांगू काका? हा गेम मला आवडतो की मी त्याला घाबरते, हेच मला कळत नाही. ऑफिसमधून दमून येते, वाटतं अर्धा तास शांत बसावं. उघडला की आधी गवत, मग फुलं, मग ते सगळे रुसलेले. दुसरी नोकरीच. दहा वेळा ठरवलं की डिलीट करून टाकायचा."

"मग?"

"होत नाही. घरी माझी वाट बघणारं दुसरं कोणी नाहीये ना. खोटं का होईना, हे बघतात." तिने तलावाकडे पाहिलं. "पण एक झालंय. खऱ्या माणसाचा फोन आला ना, की मला आता कटकट वाटते. तो बटण दाबून पुढे ढकलता येत नाही."

तांबेंनी मान हलवली. असं बोलणं पोस्टाच्या खिडकीत त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं, आणि पुष्कळ वेळा मान हलवली होती. तेवढ्यात पडद्यावर ऑलिव्हर आला. तीच दाढी, तोच चष्मा. तांबेंनी घाईघाईने त्याला गाठलं. बोकड म्हणाला, "नमस्कार. आपली ओळख नाही वाटतं?"

हे जरा लागलं. पण बोकड तर आला होता. परतीच्या वाटेवर तांबेंनी अर्धा किलो पेढे घेतले. ही बातमी आधी कुणाला सांगायची, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. सुप्रभातला पोचल्यावर ते दुसऱ्या मजल्यावर थांबले नाहीत, पेढे घेऊन थेट चौथ्यावर गेले. धापा टाकत बेल दाबली. बेल वाजली नाही. वर पाहिलं तर दारावरची 'नाथा वि. घाडी' ही पाटी नव्हती. तिच्या जागी चार भोकं होती आणि दाराला नवं कुलूप होतं.

तांबे खाली आले. मृणालताई दिवाणावर बसल्या होत्या, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.

"नाथाच्या घराला कुलूप कसं?"

मृणालताईंनी आधी पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सकाळी टेम्पो आला होता. दुपारी गेले ते. नव्या मालकांसाठी किल्ल्या देऊन गेलेत." मग त्यांचा आवाज बदलला. "अहो, तुम्हाला माहीत नव्हतं? तुमची सही आहे ना त्यावर?"

"कशावर?"

"मला वाटलं तुमचं दोघांचं बोलणं झालंय. सगळ्या बिल्डिंगला तसंच वाटलं. तुमच्या सहीशिवाय कसं होईल?"

तांबेंनी सोसायटीची फाइल काढली. सगळ्यात वरच होता तो कागद. सदनिका क्रमांक चौदा, हस्तांतरण, ना हरकत दाखला. खाली 'म. शि. तांबे' अशी ठसठशीत सही, त्यावर गोल शिक्का, अगदी सरळ, एक मिलिमीटर इकडे तिकडे नाही. एकतीस वर्षांच्या शेजाऱ्याला घालवताना त्यांचा हात जराही हलला नव्हता. तांबेंनी तो कागद पहिल्यांदा वाचला. मग पुन्हा वाचला.

"घोटभर पाणी प्या," मृणालताई म्हणाल्या.

"थांबलाही नाही गं मला भेटायला."

"दीड वाजेपर्यंत टेम्पो उभा होता खाली. ड्रायव्हर ओरडत होता. ते म्हणत होते, येईलच महेंद्र एवढ्यात."

तांबेंनी फोन केला. नाथाने तो लगेच उचलला. राग नाही, काही नाही. "अरे, तू कामात होतास. मिळाला का बोकड?" त्याने विचारलं. तांबे "हो" म्हणाले. तेवढ्यावरच फोन संपला. फोनवर बोलायची सवयच नव्हती, कधी वेळ आली नव्हती.

ती खेळाची पाटी तांबेंनी दुसऱ्याच दिवशी अमृताकडे पाठवून दिली. पाच वाजले की मात्र त्यांचे कान दाराकडे जात. जिन्यात पावलं वाजत, दुसऱ्या मजल्यावरून पुढे जात. नव्या मालकांचे गुडघे चांगले होते. मृणालताई चहाला बोलावत, आणि तांबे उगाच चिडत. असे पंधरा दिवस गेले, आणि एका रविवारी ते दिव्याला गेले.

इमारत आठ मजली होती. लिफ्ट होती, पाणी नव्हतं. दार नाथाच्या सुनेने, अक्षदाने उघडलं.

"या काका. कागद राहिला का काही सहीचा?"

पोरीने सहज विचारलं, तिच्या मनात काही नव्हतं. तांबेंना मात्र आत पाऊल टाकायला वेळ लागला. "नाही गं. सहज आलो." एकतीस वर्षांत नाथाकडे जायला त्यांना कारण सांगावं लागलं नव्हतं.

नाथा खिडकीपाशी खुर्चीवर बसला होता. उठायला लागला, तांबेंनी त्याला खाली बसवलं. अक्षदाने चहा आणला. नाथाने कप कानाला धरून उचलला आणि कपानेच प्यायला. बहुतेक सुनेसमोर बशी बरी दिसत नसावी. तांबेंनी गाडीत घोकत आणलेलं वाक्य बाहेर काढलं.

"नाथा, मी तो कागद वाचला नव्हता रे."

"माहितेय मला," नाथा म्हणाला. "मी समोरच होतो."

"वाचला असता तर..."

"सही केली नसतीस?"

"तुला जाऊच दिलं नसतं!"

नाथाने कप खाली ठेवला. "तेवढंच ऐकायला आलो होतो रे त्या दिवशी. मंगळवारी पण. खरं म्हणजे मी ठरवलं होतं, तू एकदा नको म्हणालास तर सुदेशला नाही सांगायचं. आता काय. जागा गेली."

तेवढ्यात खालून टँकरचा हॉर्न वाजला आणि सगळ्या इमारतीत धावाधाव सुरू झाली. अक्षदाने हंडे उचलले. नाथाने गुडघ्यावर हात टेकून बादली घेतली. तांबेंनी दुसरी बादली घेतली आणि त्याच्या मागून निघाले. काहीतरी करायला मिळालं म्हणून त्यांना आत कुठेतरी हायसं वाटलं.

खाली नुसता गोंधळ होता. पाइपला दहा हात, हंड्यावर हंडे, शिव्या. एकोणीस वर्षांची सवय. तांबे बादली घेऊन पुढे सरसावले. "एक रांग करा! एका घराला चार हंडे! विंगप्रमाणे उभे राहा, मी नावं पुकारतो!"

पाइप धरलेली बाई वळली. "ओ काका, तुम्ही कोण? कुठल्या विंगचे?"

सगळे बघायला लागले. तांबे नाथाकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, आता तो सांगेल. दोस्त आहे म्हणेल, आमच्या घरचाच आहे म्हणेल. शिवी घालून 'गप रहा महेंद्र' म्हणाला तरी चालेल.

"ते इथले नाहीत ताई," नाथा समजुतीने म्हणाला. "पाहुणे आहेत माझ्याकडे."

मग तो लंगडत पुढे आला आणि त्याने तांबेंच्या हातातली बादली काढून घेतली. "तू वर जाऊन बस बघू. अक्षदा परत चहा टाकेल. पाहुण्याला पाणी भरायला लावतात का कोणी?"

हे तो रागाने म्हणाला असता, तर तांबेंना बरं वाटलं असतं.